पट्टा पडला, शाळा भरली

मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून आमच्या गावात रात्री-अपरात्री ट्रॅक्टर यायला लागतात. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचं गाळप संपलं, की ऊसतोडीच्या टोळ्या परततात. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, पाण्याचे ड्रम, एखादी शेळी, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर झोपेने पेंगणारी लेकरं. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगररांगेतलं हे गाव दसरा-दिवाळीला निम्मं रिकामं होतं आणि पाडव्याच्या आगेमागे पुन्हा भरतं. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते चौथीचे वर्ग आणि आम्ही दोन शिक्षक. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सर बघतात, पहिली-दुसरी माझ्याकडे.

२०२५ च्या एप्रिलपासून दिवाळीपर्यंत आमच्या पहिलीच्या वर्गाचं जे झालं ते सगळं लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. पहिलीत येणाऱ्या लेकरांसाठीचा शाळा पूर्वतयारी मेळावा हा उपक्रम आता राज्यातल्या शिक्षकांना नवा नाही. २०२२ पासून तो दरवर्षी होतो: एक मेळावा उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुसरा शाळा उघडल्यावर, आणि मधल्या काळात आयांचे गट. ‘पहिले पाऊल’ असं त्याचं नाव. पण ऊसतोडीच्या गावात या मेळाव्याला वेगळं मोल आहे, आणि माझं तर आता ठाम मत झालंय की हा मेळावा लेकरांपेक्षा त्यांच्या आयांसाठी भरवायला हवा.

त्यामागचं कारण बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. तोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. त्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मिळते ती कोयत्याला. बाईशिवाय कोयता पुरा होत नाही. पुरुष ऊस तोडतो. मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहून न्यायच्या त्या बाईनं. मग तीन, चार, पाच वर्षांच्या लेकरांचं काय? शाळेत नाव असलेल्या मुलांसाठी गावात सहा महिन्यांचं हंगामी वसतिगृह चालतं. शाळा व्यवस्थापन समिती ते बघते. अंगणवाडीच्या वयाचं लेकरू त्यात बसत नाही. घरी आजी-आजोबा धड असतील तर ठीक, नाहीतर ते आईबापाबरोबर कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत. म्हणजे जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या आमच्या मुलांपैकी बहुतेकांनी त्याआधीचे हिवाळे उसाच्या फडाच्या कडेला काढलेले असतात. अंगणवाडीच्या पटावर त्यांचं नाव असतं, पण नोव्हेंबर ते मार्च ती तिथे नसतात. आणि पहिलीत नाव लागलं की पहिल्यांदा असा प्रश्न उभा राहतो की येत्या दिवाळीनंतर हे लेकरू कुठे राहणार. तो निर्णय आई घेते. निदान आमच्याकडे तरी शेवटचा शब्द तिचाच असतो, कारण लेकरू मागे ठेवल्यावर कोपीत रात्री जीव तिचाच तुटतो.

केंद्रावर मेळाव्याचं प्रशिक्षण झालं, साहित्य मिळालं. दाखलपात्र, म्हणजे यंदा पहिलीत येणाऱ्या, मुलांची यादी अंगणवाडीताईंनी आणि मी मिळून केली. यादीत अकरा नावं होती आणि त्या दिवशी गावात त्यातली चारच लेकरं होती. बाकीच्यांची वाट बघायची. यंदा परीक्षा एप्रिलच्या २५ तारखेपर्यंत लांबल्या, त्यामुळे आम्हाला थोडी उसंत मिळाली. एरवी लवकर मेळावा उरकला असता तर शेवटी आलेली टोळी त्यातून सुटली असती. मुख्याध्यापक सर म्हणाले, ‘मॅडम, सगळी गाडी खाली होऊ द्या, मग तारीख धरू.’ तसंच केलं.

संध्याकाळी घरोघर जायचं ठरवलं. आल्या-आल्या लगेच गेलं तर बाया बोलायच्या मनःस्थितीत नसतात. सहा महिन्यांची झोप साठलेली असते. उसाच्या पात्यांनी हात-मानेवर ओरखडे पडलेले असतात. घरात उचल फिटली की अंगावर राहिली याचा हिशोब चाललेला असतो. एका घरी मी मेळाव्याचं सांगितलं तर बाई म्हणाली, ‘मॅडम, कालच आलोत ओ. जरा पाठ टेकू द्या. आन् लेकराला काय येत नाही, त्याला काय बगायचं?’ हे वाक्य मी थोड्याफार फरकानं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकलं. लेकराला काय येत नाही. बाई रागाने किंवा वाईट वाटून तसं म्हणत नाही. तिला ते उघड सत्य वाटतं. तिला स्वतःला शाळेनं फार काही दिलेलं नाही, मग आपल्या पोटच्या पोराकडून ती अपेक्षा तरी कशाची करणार?

मी सगळ्यांना एकच अट घातली. लेकराला सोडून जायचं नाही, प्रत्येक टेबलापाशी आईनं त्याच्या मागं उभं राहायचं.

सकाळची शाळा होती, म्हणून साडेसातलाच मेळावा ठेवला. नऊनंतर पत्रा तापतो. आदल्या संध्याकाळी दवंडी दिली, सकाळी हलगी लावून प्रभातफेरी काढली. चौथीतल्या एकेका मुलाकडे एकेक लहान लेकरू सोपवलं होतं. त्याला घरून हाताला धरून आणायचं आणि शेवटच्या टेबलापर्यंत सोडायचं नाही. चौथीतल्या पोरांनी ही कामगिरी फार मनावर घेतली. एका मुलीनं आपल्या वाट्याच्या छोट्याचं नाक पुसून, केस विंचरून, कपाळाला गंध लावून त्याला आणलं होतं. भाषणं आम्ही ठेवली नाहीत. पाहुणे आले, त्यांनाही टेबलं बघायला सांगितलं. आई खुर्चीत बसून भाषण ऐकत असेल तर मेळाव्याचा जो गाभा आहे तोच हातचा जातो.

एकूण सात टेबलं असतात. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक आणि भावनिक विकास, भाषा विकास, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. प्रत्येक लेकराचं एक विकासपत्र असतं. टेबलामागून टेबल पुढे जाताना त्यात खुणा होत जातात.

शारीरिक विकासात आमच्या लेकरांना हरवणं अवघड. चुन्याच्या रेषेवर चालायला सांगितलं तर ती पळाली. बांधावरून, ट्रॉलीच्या फाळक्यावरून चालून पाय तयार झालेले. चेंडू टोपलीत टाकणं, एका पायावर उड्या, सगळं झटपट. पण त्याच टेबलावर चित्रात रंग भरायचा होता तिथे गाडी अडली. एका मुलानं रंगखडू मुठीत धरला, कोयत्याची मूठ धरतात तसा, आणि असा जोर लावला की कागद फाटला. मग त्यानं आईकडे बघितलं. आई लगेच पुढे सरकून म्हणाली, ‘राहू दे, नाही येत त्याला.’ मी तिला थांबवलं. दुसरा कागद दिला, खडू बोटांत धरून दाखवला. त्यानं पुन्हा रंग भरला. रेषेबाहेर गेला, पण कागद फाटला नाही. तिथली खूण ‘मदतीने जमतं’ अशी झाली आणि मी आईला ती वाचून दाखवली.

पुढच्या टेबलावर लहान-मोठ्या काड्या क्रमानं लावायच्या होत्या. याच मुलानं क्षणभर बघितलं आणि सगळ्यात लांब काडीपासून सगळ्यात आखूड काडीपर्यंत न चुकता रांग लावली. एवढ्यावर तो थांबला नाही. शेजारी पडलेला सुतळीचा तुकडा उचलला, काड्या एका बाजूनं ठोकून समान केल्या आणि मोळी बांधली. गाठ अगदी पक्की. टेबलावर बसलेल्या आमच्या स्वयंसेवक ताई, गावातलीच बारावी झालेली मुलगी, त्यांनी टाळी वाजवली. त्याच्या आईच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी हललं. ती म्हणाली, ‘ह्यो माझ्या संगं बसून बांधायचा. मला वाटायचं खेळतोय.’

गणनपूर्व तयारीच्या टेबलावर मी स्वतः होते. एक मुलगी आली, तिच्या आईबापाची टोळी यंदा कर्नाटकात होती. समोर चिंचोके ठेवले आणि म्हटलं, ‘मोज बरं.’ ती गप्प. मी एक चिंचोका पुढे सरकवला. मग तिनं बोट ठेवत हळू आवाजात सुरुवात केली: ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु...’ एकेका चिंचोक्यावर एकेक आकडा, एकही चिंचोका सुटला नाही, एकही दोनदा मोजला गेला नाही. टोळीच्या मुक्कामाच्या अड्ड्याजवळच्या दुकानात गोळ्या आणायला जायची, तिथं शिकली होती. आई ओशाळली. ‘मॅडम, तिला मराठीत नाही येत.’ आमच्यापैकी एकीला प्रश्न पडला की पत्रात काय लिहायचं. माझ्या मते त्यात प्रश्नच नव्हता. एका वस्तूला एक आकडा लावायचा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण वस्तू, मोजणीतली खरी अवघड पायरी तीच असते, आणि ती पायरी या मुलीनं कुणी न शिकवता ओलांडली होती. मराठीतले दहा शब्द ती आठ दिवसांत शिकणार होती. मी ‘स्वतः जमतं’ या रकान्यात खूण केली आणि आईला सांगितलं, ‘बाई, तुमच्या लेकीला मोजता येतं.’ तिनं मला दोनदा विचारलं, खरंच का.

भाषेच्या टेबलावर बरीच मुलं बुजली. चित्रात बाजार होता. नावं सांगितली त्यांनी, पण वाक्य येईना. नवखी माणसं, नवखी जागा. त्याचा फार अर्थ काढायचा नाही असं मी अंगणवाडीताईंना आधीच सांगून ठेवलं होतं.

सामाजिक आणि भावनिक विकासाच्या टेबलावर मात्र एक प्रसंग घडला तो मला विसरता येत नाही. तिथे चेहऱ्यांची चित्रं असतात, हसरा, रडका, घाबरलेला, रागावलेला. लेकराला विचारायचं, तुला असं कधी वाटतं? एका मुलीनं घाबरलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ताईनं विचारलं, ‘कधी गं?’ ती म्हणाली, ‘आई राती फडात जाती तव्हा. बाळ उठतं. मी त्याला थोपटिते. मग कुत्री येत्यात.’ एवढंच. तोडीला पहाटे तीन-चारला निघावं लागतं. कोपीला दार नसतं, पाचटाचं किंवा ताडपत्रीचं तोंड असतं. ही साडेपाच वर्षांची मुलगी तिथे अंधारात धाकट्या भावाला घेऊन बसायची. तिची आई मागंच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. नंतर शेवटच्या टेबलावर बसली तेव्हा म्हणाली, ‘मला कधीच बोलली नाही ओ ती.’ मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिनंच थोड्या वेळानं विचारलं, ‘वसतिगृहात इतक्या लहान पोरी ठेवून घेत्यात का?’

घरोघर फिरून, समजावून, कायदा सांगून जो प्रश्न मी आजवर एकाही आईच्या तोंडून काढू शकले नव्हते, तो असा आला.

पहिला मेळावा एका सकाळीत संपतो. त्यानंतर जून उजाडेपर्यंतचे आठवडे आयांच्या हातात असतात, आणि माझ्या मते कस तिथे लागतो. योजनेत आयांचे गट करायचे असतात, प्रत्येक गटाची एक लीडर माता, दर आठवड्याला कृतींचं एक कार्ड आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ. शहरात किंवा बागायती गावात हे जमत असेल. आमच्याकडे स्मार्टफोन असतो नवऱ्याकडे, आणि नवरा असतो तालुक्याला, लग्नाला, नाहीतर मुकादमाकडे. व्हिडिओ आईपर्यंत पोचत नाहीत. एकदा दुपारी बसू म्हटलं तर टँकर आलेला. पाण्याच्या रांगेपुढे कुठलाच गट टिकत नाही. मे महिना सगळा लग्नांचा.

मार्ग सापडला चिंचांमुळे. एप्रिल-मेमध्ये आमच्या भागात बाया चिंचा फोडायच्या मजुरीला बसतात. व्यापारी चिंचा आणून टाकतो. टरफल काढायचं, चिंचोका काढायचा, किलोवर मजुरी. झाडाखाली किंवा देवळाच्या ओट्यावर सगळ्या एकत्र, तोंडानं बोलणं चालू, लेकरं आजूबाजूला. गट तर तयारच होता, फक्त आम्ही तिथे जायचं होतं. एका सुनेनं पुढाकार घेतला. माहेरी दहावीपर्यंत शिकलेली, वाचायला स्वच्छ येणारी. ती कार्ड वाचायची आणि सगळ्याजणी चिंचा फोडता फोडता ते करून बघायच्या. हात बायांचे कामात, खेळ लेकरांचे. मजुरी बुडत नाही म्हटल्यावर कोणी उठून गेलं नाही.

कार्डावर मणी-बटणं असतील तर इथे चिंचोके. काळपट आणि तांबूस वेगळे करा. मोठे-बारके वेगळे करा. पाचाचे ढीग करा, एक ढीग हाताखाली झाका आणि विचारा किती गेले. चिंचोके घासून अर्धे पांढरे करून सारिपाटाला वापरतात, ते म्हाताऱ्या बायांना ठाऊकच होतं. त्यांनी पोरांना पट आखून दिले आणि घरं मोजत मुलं वीसपर्यंत कधी गेली ते आयांना कळलंही नाही. पेन्सिल धरायच्या आधी बोटांत ताकद यायला हवी, त्यासाठी पिठाचे गोळे, मटकी-मूग निवडणं, दोऱ्यात फुलं ओवणं. एक आजी रोज गोष्ट सांगायची आणि अर्ध्यावर सोडून द्यायची: पुढचं उद्या तुम्ही सांगा. भाषेच्या टेबलावर गप्प राहिलेली लेकरं आजीपुढे मात्र भांडून गोष्ट पुरी करायची. लीडर मातेनं हे मला सांगितलं तेव्हा मी मुद्दाम ऐकायला गेले. लांडग्याला त्यांनी मुकादम केलं होतं आणि बकरीनं त्याची सगळी उचल बुडवली.

सुट्टीत हे काम करायला शासनानं मला भाग पाडलं नव्हतं आणि मी रोज गावात नव्हतेही. मुद्दा असा की ते माझ्यावाचून चाललं. आईला एकदा दिसलं की लेकराला काहीतरी येतं, मग ती आणखी काय येतं ते स्वतःच बघत राहते. त्या सुनेनं एका वहीत प्रत्येक लेकराच्या नावापुढे रेघा ओढून ठेवल्या होत्या. असलं काही ठेवा म्हणून आम्ही तिला सुचवलेलं नव्हतं.

याच काळात कागदपत्रांचंही काम होतं. ते थोडक्यात सांगते, पण तोडीच्या गावातल्या शिक्षकांच्या ते कामाचं आहे. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण हवीत. काही लेकरांचे जन्म हंगामातले, दुसऱ्या जिल्ह्यातल्या नाहीतर दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्यातले. जन्माची नोंद जिथे झाली असेल तिथूनच दाखला मिळतो, आणि आईला तालुक्याचं नावही नीट आठवत नाही, कारखान्याचं तेवढं आठवतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. अंगणवाडीची नोंद, आरोग्यसेविकेची नोंद किंवा पालकाचं स्वयंघोषणापत्र यावर नाव लागतं. आम्ही तसं लावलं. पण पुढे पटाची पडताळणी आधारवर होते आणि आधारला पुन्हा दाखला लागतो. एका लेकराच्या दाखल्यासाठी त्याचा बाप उन्हात दोनशे किलोमीटर जाऊन आला आणि तिथे त्याला पुन्हा यायला सांगितलं. त्याची त्या दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं कोण भरून देणार? दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलून सोडवण्यासारखं हे काम आहे. तसं कुणी बोलत नाही याचा मला संताप येतो.

१६ जूनला शाळा उघडली. औक्षण, फुगे, ट्रॉलीतून मिरवणूक. लेकरं वर्षातून दोनदा ट्रॉलीत बसतात, यंदा तिसऱ्यांदा बसली आणि शाळेपुढे उतरली. पहिल्याच दिवशी हातात नवी पुस्तकं. पहिलीचा अभ्यासक्रम यंदापासून बदलला. त्याविषयी माझं मत बनायला अजून वर्ष जावं लागेल.

दुसरा मेळावा त्याच आठवड्यात घेतला. तीच टेबलं, तेच विकासपत्र, फक्त दुसरा रकाना. कागद फाडणाऱ्या मुलानं आंब्याच्या चित्रात रंग भरला, बहुतेक रेषेच्या आत. कन्नडमधून मोजणारी मुलगी मराठीत तीसपर्यंत गेली आणि मग विचारलं, ‘तसंबी म्हणू का?’ मी म्हटलं, म्हण. सगळ्यांचं सारखं झालं असं नाही. दोन लेकरांच्या आया चिंचेच्या ओट्यावर येत नव्हत्या, त्यांच्यात फरक थोडा होता आणि तो पत्रावर दिसत होता. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की यावेळी आया टेबलापाशी मागे उभ्या राहिल्या नाहीत. त्या वाकून बघत होत्या, आणि खूण कुठल्या रकान्यात झाली ते विचारत होत्या. ‘नाही येत त्याला’ हे वाक्य मला त्या सकाळी ऐकू आलं नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये पेरण्या, खुरपण्या. गट विरळ झाला. वर्ग मात्र बरा चालला. ज्या मुलांना मी एरवी दिवाळीपर्यंत शाळेत बसायची सवय लावत असते, ती ऑगस्टमध्ये छोटे शब्द वाचत होती. कारण उघड आहे. तोडीच्या गावात पहिलीच्या वर्गाला प्रत्यक्षात जेमतेम साडेचार महिने मिळतात, त्यातले दोन रडण्या-बुजण्यात गेले तर उरतं काय? यंदा ते दोन महिने आयांनी उन्हाळ्यातच भरून काढले होते.

मग सप्टेंबर आला. मराठवाड्यातल्या पावसानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे कपाशी पिवळी पडली, सोयाबीन पाण्यात राहिलं, काही वावरांतली मातीच गेली. ज्या दोन-तीन घरांनी यंदा तोडीला जायचं नाही असं ठरवलं होतं त्यांनीही उचल घेतली. शाळाही काही दिवस बंद ठेवावी लागली. उघडली त्या दिवशी पहिलीतला एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, आम्ही बी जाणार.’ वर्गात बसलेली इतर लेकरं आपापलं सांगायला लागली, कोण कुठल्या कारखान्याला. मी त्या दिवशी धडा घेतला नाही. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढला आणि प्रत्येकाचा कारखाना कुठे आहे ते दाखवलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतली. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया असायलाच लागतात. आमच्याकडे त्या बऱ्याचदा सहीपुरत्या यायच्या. यंदा चिंचेच्या ओट्यावरच्या तिघी समितीत होत्या. स्थलांतरित मुलांची यादी, वसतिगृहाचा प्रस्ताव, जेवण कोण करणार, रात्री मुलींपाशी कोण झोपणार, हे सगळं त्यांनी बोलून घेतलं. रात्रीचा प्रश्न त्या भित्र्या मुलीच्या आईनं काढला. ‘दाराला आतून कडी पाहिजे आन् दिवा रातभर पाहिजे,’ एवढं तिनं लिहून घ्यायला लावलं. सरांनी इतिवृत्तात तसंच लिहिलं.

यंदा १ नोव्हेंबरपासून गाळप सुरू झालं. पहिलीतल्या अकरापैकी आठ लेकरं गावात राहिली आहेत, पाच वसतिगृहात, तीन आजीपाशी. भित्री मुलगी वसतिगृहात आहे. तिचा धाकटा भाऊ आईबरोबर गेला. त्याला सांभाळायला टोळीतली एक म्हातारी बाई बरोबर घेतली आहे, तिची भाकरी या घराकडे. तिघंजण गेले. मोळी बांधणारा मुलगा त्यातला एक. त्याची आई शेवटपर्यंत हो-नाही करत होती. घरात मागे कोणी मोठं माणूस नाही आणि वसतिगृहात तो राहील असं तिला वाटेना. मी जास्त ओढाताण केली नाही. त्याला शिक्षण हमी कार्ड दिलं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसू देतात. तिथल्या शाळेच्या बाईंचा फोन नंबर मिळवून ठेवला आहे आणि त्यांच्याशी बोलणं झालं आहे. फडापासून शाळा दोन किलोमीटर आहे, हे मात्र त्यांनी सांगितल्यावर कळलं. त्याला सकाळी तिथवर कोण नेणार याचा विचार चालू आहे.

पुढच्या एप्रिलसाठीची दाखलपात्र यादी अंगणवाडीताईंनी आणि मी टोळ्या जायच्या आधीच करून ठेवली. नऊ नावं आहेत. त्यातल्या सहा लेकरांच्या आया तोडीला गेल्या, चौघी एकाच टोळीत. गाडी भरत असताना आमच्या लीडर मातेनं त्यांना कार्डांचा एक संच आणि चिंचोक्यांची पिशवी दिली. त्यातली एक म्हणाली, अड्ड्यावर संध्याकाळी भाकरी टाकताना लेकरं जवळच असतात, तेव्हा करू. वाचायचं कोण हा प्रश्न होता, तर मुकादमाच्या बायकोला वाचता येतं, ती टोळीबरोबरच असते. तिला आठवड्यातून एकदा फोन करायचं मी कबूल केलं आहे.